पिकअप वाहनांचे सस्पेन्शन

पिकअप वाहनांचे सस्पेन्शन ही चाके आणि वाहनाचा सांगाडा यांना जोडणारी लवचीक यंत्रणा होय. मराठी परिभाषेत तिला निलंबन व्यवस्था म्हटले जाते. बोलीभाषेत मात्र चालक आणि कारागीर 'पाटे' व 'शॉकअप' या दोन शब्दांनीच तिचा उल्लेख करतात. मालाचे वजन पेलणे, रस्त्यावरील धक्के सौम्य करणे आणि चारही चाकांचा रस्त्याशी संपर्क टिकवणे ही या यंत्रणेची तीन मुख्य कामे आहेत. पिकअपमध्ये यांपैकी पहिल्या कामाला प्राधान्य दिलेले असल्याने रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर मोठ्या प्रमाणात उडते. हे धक्के कमी करण्यासाठी सस्पेन्शनमध्ये केल्या जाणाऱ्या सुधारणा, त्यामागील तत्त्व आणि त्यांच्या मर्यादा यांचा परिचय या लेखात दिला आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या घाटरस्त्यांच्या आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात हा विषय केवळ सोयीचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात लहान मालवाहू वाहनाला सरसकट 'टेम्पो' म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द एका जर्मन कंपनीच्या वाहननावावरून आला. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीने तीनचाकी मालवाहू गाड्या भारतात रूढ केल्या. पुण्याजवळील आकुर्डी येथे कारखाना असलेली ही कंपनी पुढे फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाऊ लागली. टाटांच्या पुणे येथील कारखान्यातून १९८८ मध्ये 'टाटामोबाइल' हे पिकअप वाहन बाजारात आले. २००५ मध्ये आलेल्या 'टाटा एस' या सुमारे पाऊण टन क्षमतेच्या वाहनाला ग्राहकांनी 'छोटा हत्ती' असे नाव दिले. महिंद्रा कंपनीचे 'बोलेरो पिकअप' हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारे वाहन आहे. २०२२ मध्ये सादर झालेल्या 'टाटा योद्धा २.०' या वाहनाची भारक्षमता दोन टनांपर्यंत नेण्यात आली.

व्यापारी वापराच्या पिकअपमध्ये मागील बाजूस पोलादी पाटे आणि एकसंध आस ही रचना जवळजवळ सार्वत्रिक आहे. अनेक वाहनांत पुढील बाजूसही पाटेच असतात. इसुझू डी-मॅक्स व टोयोटा हायलक्स यांसारख्या महागड्या पिकअपमध्ये पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि गुंडाळी स्प्रिंग असते. तथापि मागे पाटेच वापरलेले आहेत. पाट्यांची रचना घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली आहे. ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाटे-स्प्रिंगचे पेटंट घेतले होते.

रचना

पाटे

पाटे म्हणजे कमानीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्यांची जुडी. सर्वांत लांब पट्टीला मुख्य पाटा म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून गोल डोळे केलेले असतात. त्यांपैकी एक डोळा सांगाड्याला थेट जोडलेला असतो, तर दुसरा शॅकल या झुलत्या कडीमार्फत जोडला जातो. पाटे दबले की त्यांची लांबी वाढते आणि ही वाढ सामावून घेण्याचे काम शॅकल करते. सर्व पाटे मध्यभागी सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असून यू-बोल्टने आसाला आवळलेले असतात. पाट्यांसाठी सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम या जातीचे स्प्रिंग पोलाद वापरतात.

पाट्यांचे वैशिष्ट्य असे की ते केवळ स्प्रिंगचे काम करत नाहीत. आसाला आडवे व उभे सरकू न देता जागेवर धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. त्यामुळे रचना स्वस्त व मजबूत होते आणि दुरुस्ती कोणत्याही गावात करता येते. मात्र एकावर एक घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये घर्षण निर्माण होते. धक्का लहान असल्यास हे घर्षणच पाट्यांना हलू देत नाही. परिणामी बारीक खडीचा किंवा उखडलेल्या डांबराचा रस्ता असला, तर प्रत्येक हादरा थेट सांगाड्यात पोहोचतो.

शॉक ॲब्सॉर्बर

शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते तेव्हा तिचे हेलकावे थांबवणे हे त्याचे काम आहे. त्यातील दट्ट्या तेलातून सरकतो. तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून जाताना गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. दुहेरी नळीच्या साध्या शॉकमध्ये सतत खड्ड्यांतून जाताना तेलात फेस होऊन त्याची पकड कमी होऊ शकते. ही अडचण कमी करण्यासाठी दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेले शॉक वापरले जातात. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही या क्षेत्रातील जुनी भारतीय कंपनी असून तिचा एक कारखाना पुणे जिल्ह्यातील चाकण येथे आहे.

इतर घटक

पाट्यांच्या डोळ्यांत व शॉकच्या टोकांशी रबरी बुश बसवलेले असतात. ते बारीक कंपने शोषून घेतात. पाटे पूर्ण दबल्यास आस सांगाड्यावर आदळू नये म्हणून रबरी ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. टायर हाही सस्पेन्शनचाच एक भाग मानला जातो, कारण त्यातील हवा ही रस्त्याशी सर्वांत आधी भेटणारी स्प्रिंग होय.

धक्के बसण्याचे कारण

रिकामे पिकअप का उडते याचे उत्तर वजनातील फरकात आहे. मोटारीत चालक एकटा असो वा पाच जण बसलेले असोत, मागील आसावरील वजन फारसे बदलत नाही. पिकअपमध्ये ते अनेक पटींनी बदलते. उदाहरणादाखल, मागील पाट्यांनी पेललेले वजन रिकाम्या गाडीत ४०० किलोग्रॅम आणि भरलेल्या गाडीत १,६०० किलोग्रॅम आहे असे समजू. भरलेली गाडी सेकंदाला १.४ वेळा या सुखद गतीने हेलकावावी अशा बेताने पाट्यांचा ताठपणा ठरवला, तर त्या वजनाखाली पाटे सुमारे १२.७ सेंटीमीटर दबतील. हीच गाडी रिकामी झाल्यावर पाटे जेमतेम ३.२ सेंटीमीटर दबलेले राहतील. हेलकाव्याची वारंवारता वजनाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने वजन चौथाई झाले की वारंवारता दुप्पट होते. म्हणजे या उदाहरणात ती २.८ हर्ट्झ होईल.

मानवी शरीराला साधारणतः १ ते १.५ हर्ट्झ वारंवारतेचे हेलकावे सुसह्य वाटतात, कारण चालण्याच्या हालचालीशी ते मिळतेजुळते असतात. बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे ४ ते ८ हर्ट्झ या पट्ट्यातील उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. ताठ पाट्यांची रिकामी गाडी या त्रासदायक पट्ट्याच्या जवळ सरकते. दीर्घकाळ अशी कंपने सोसणाऱ्या व्यावसायिक चालकांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण अधिक आढळते.

शॉक ॲब्सॉर्बरचीही अशीच कोंडी होते. वजन चौपट झाले की हेलकावे थांबवण्यासाठी लागणारा अवरोध दुप्पट व्हावा लागतो. साधा शॉक मात्र एकाच अवरोधाचा असतो. तो भरलेल्या गाडीसाठी योग्य असेल, तर रिकाम्या गाडीला कडक वाटतो. रिकाम्या गाडीला मऊ वाटत असेल, तर भरलेली गाडी डुलत राहते. पिकअपच्या सस्पेन्शनमधील प्रत्येक सुधारणा ही या दोन अवस्थांमधील तडजोड असते.

सुधारणेचे मार्ग

निगा आणि दुरुस्ती

खर्चिक बदलांपूर्वी मूळ यंत्रणा सुस्थितीत आहे का हे पाहणे आवश्यक असते. झिजलेले बुश, गळणारे शॉक, गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे आणि अडकलेली शॅकल या दोषांमुळे नवी गाडीही काही वर्षांत कडक होते. पाटे सोडवून गंज काढणे, टोकांमधील घासपट्ट्या बदलणे आणि उत्पादकाने सांगितले असल्यास ग्रॅफाइटयुक्त ग्रीस लावणे या कामांनी घर्षण लक्षणीय प्रमाणात घटते. साधे ग्रीस धूळ धरून ठेवते आणि कालांतराने घर्षण वाढवते. पाटे खोलल्यानंतर यू-बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळावे लागतात आणि काही अंतर चालवल्यानंतर पुन्हा तपासावे लागतात. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटून आस जागेवरून सरकण्याचा धोका असतो.

टायरमधील हवा

अनेक उत्पादक रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी टायरमधील हवेचे वेगवेगळे दाब देतात. व्यवहारात मात्र पूर्ण भाराचा दाबच बारमाही ठेवला जातो. रिकाम्या फेरीसाठी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत मागील दाब कमी ठेवल्यास कोणताही भाग न बदलता धक्के कमी होतात. दाब टायर थंड असताना मोजावा लागतो आणि माल भरण्यापूर्वी तो पूर्ववत करणे अनिवार्य असते. कमी हवेच्या टायरवर पूर्ण भार वाहिल्यास टायर तापून फुटू शकतो.

शॉक ॲब्सॉर्बर बदलणे

मूळ मापाचे, परंतु वायूदाबाचे शॉक बसवणे ही सर्वांत प्रचलित सुधारणा आहे. शॉकची पूर्ण मिटलेली व पूर्ण उघडलेली लांबी मूळ शॉकइतकीच असावी लागते. तो आखूड असल्यास खड्ड्यात चाक खाली जाताना ओढला जाऊन तुटतो. लांब असल्यास बंप स्टॉपपूर्वीच तळाला आदळतो. शॉक बदलल्याने हेलकावे लवकर थांबतात. मात्र पाट्यांचा मूळचा ताठपणा त्याने कमी होत नाही.

पॅराबोलिक पाटे

नेहमीच्या जुडीत अनेक समान जाडीच्या पट्ट्या असतात. पॅराबोलिक प्रकारात मोजक्याच पट्ट्या असून त्या मध्यभागी जाड व टोकांकडे निमुळत्या असतात. त्या केवळ मध्यभागी व टोकांना एकमेकींना टेकतात. त्यामुळे आंतरिक घर्षण कमी होते, लहान धक्क्यालाही पाटे हलतात आणि वजनही घटते. घर्षण कमी असल्याने हेलकावे थांबवण्याची सर्व जबाबदारी शॉकवर येते, म्हणून असे पाटे बसवताना अनुरूप शॉकही बदलावे लागतात. पट्ट्या कमी असल्याने एखादी तुटल्यास उरलेल्यांवर येणारा ताण अधिक असतो.

दोन टप्प्यांची जुडी

मुख्य जुडी काहीशी मऊ ठेवून तिच्या वर किंवा खाली स्वतंत्र हेल्पर पाटा बसवण्याची पद्धत आहे. रिकाम्या गाडीत हेल्पर पाटा मोकळा असतो. माल भरल्यावर पाटे दबून तो टेकतो आणि ताठपणा आपोआप वाढतो. वर वर्णन केलेल्या वजनाच्या कोंडीवर हा सर्वांत जुना आणि स्वस्त तोडगा असून अनेक पिकअपमध्ये तो कारखान्यातूनच दिलेला असतो.

हवेचे साहाय्यक फुगे

आस व सांगाडा यांच्यामध्ये रबरी फुगे बसवून त्यांत भारानुसार हवा भरता येते. रिकाम्या गाडीत दाब किमान ठेवतात, तर भरलेल्या गाडीत तो वाढवतात. फुग्यांमुळे गाडी मागे झुकत नाही. परंतु त्यांनी वाहनाची अधिकृत भारक्षमता वाढत नाही. आस, चाके, टायर, ब्रेक आणि सांगाडा पूर्वीचेच राहतात. टोकदार दगड व चिखल यांपासून फुग्यांचे आणि नळ्यांचे रक्षण करावे लागते.

अयोग्य बदल आणि धोके

सर्वाधिक आढळणारा बदल हा आरामाच्या नेमका उलट दिशेचा असतो. क्षमतेपेक्षा जास्त माल नेता यावा म्हणून जुडीत एक-दोन जादा पाटे टाकले जातात. त्यामुळे गाडी बसत नाही, म्हणून चालकाला ती भार सहज पेलते आहे असा भास होतो. प्रत्यक्षात धक्के सांगाड्याकडे व आसाकडे वळतात. सांगाड्याला चिरा जाणे, चाकाचे बेअरिंग निकामी होणे आणि उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड सुटणे हे त्याचे परिणाम होत.

याउलट, रिकामी गाडी मऊ व्हावी म्हणून जुडीतील पाटे काढून टाकणेही घातक ठरते. उरलेल्या पाट्यांवरील ताण वाढून पूर्ण भाराखाली मुख्य पाटा तुटू शकतो. मुख्य पाटाच आसाला धरून ठेवत असल्याने तो तुटल्यास गाडी एका बाजूला ओढली जाते. बसलेल्या पाट्यांना गॅसच्या ज्योतीने तापवून पुन्हा कमान देण्याचा प्रकारही हानिकारक आहे. तापवल्याने पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते आणि पाटा थोड्याच काळात पुन्हा बसतो किंवा तुटतो.

काही पिकअपमध्ये भारसंवेदी ब्रेक झडप असते. सांगाडा व मागील आस यांमधील अंतरावरून ही झडप गाडीतील भाराचा अंदाज घेते आणि त्यानुसार मागील ब्रेकना दाब देते. पाटे ताठ करून गाडीची मागील उंची वाढवल्यास भरलेली गाडीही झडपेला रिकामी वाटते, मागील ब्रेकना कमी दाब मिळतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. पाटे मऊ करून गाडी खाली बसवल्यास रिकामी गाडी भरलेली वाटते आणि ओल्या रस्त्यावर मागील चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. म्हणून उंचीत फरक पाडणाऱ्या कोणत्याही बदलानंतर ही झडप उत्पादकाच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवणे आवश्यक असते. हेडलाइटच्या झोताची दिशा आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन हेही अशा बदलाने बिघडतात.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती

मुळशी तालुका पुणे शहराच्या पश्चिमेस असून पौड हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडी माहिती तंत्रज्ञान क्षेत्र व पिरंगुट औद्योगिक परिसर आहे, तर पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व मुळशी धरणाच्या जलाशयाने व्यापलेला आहे. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट व पौड मार्गे जाणारा रस्ता जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटात पोहोचतो आणि पुढे रायगड जिल्ह्यात माणगावकडे उतरतो. ताम्हिणी परिसराची गणना महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत होते.

या भूरचनेमुळे एकाच फेरीत पिकअपला तीन प्रकारचे रस्ते भेटतात: शहरालगतचे गतिरोधकांनी भरलेले डांबरी रस्ते, घाटातील तीव्र वळणे आणि खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा. भात हे तालुक्याचे मुख्य पीक असून येथील आंबेमोहोर व इंद्रायणी तांदूळ परिचित आहे. तांदूळ, भाजीपाला व दूध पुण्याकडे जाते, तर सिमेंट, वाळू व लोखंड शहराकडून खोऱ्यांत येते. अशा वाहतुकीत एका दिशेची फेरी भरलेली आणि परतीची रिकामी असणे ही नित्याची बाब आहे. पाट्यांवरील भाराचा मोठा चढउतार म्हणूनच येथे रोजचा असतो. तांदळाच्या पोत्यांना धक्क्यांनी फारसा उपद्रव होत नाही. टोमॅटो, पालेभाज्या व फुले मात्र आपटून खराब होतात आणि त्यांचा भाव उतरतो.

पावसाळ्यात पाट्यांच्या फटींत चिखल शिरतो व गंज चढतो. उन्हाळ्यात त्याच फटींत धूळ साचते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर पाटे, बुश व यू-बोल्ट यांची तपासणी करणे या भागात विशेष उपयुक्त ठरते. घाटातील वळणांवर उंच रचलेला माल आणि मऊ पाटे यांचा संयोग गाडी कलंडण्यास कारण ठरू शकतो. येथे आरामापेक्षा मागील पाट्यांचा समतोल व शॉकची पकड अधिक महत्त्वाची असते. जड माल हौद्यात खाली व पुढील बाजूस ठेवल्यास हा धोका कोणत्याही खर्चाविना कमी होतो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा व प्रमाणित भाग बसवणे ही दुरुस्ती असून ती बदल या व्याख्येत येत नाही.

अतिभार वाहिल्यास कलम १९४ अन्वये २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा पाटे टाकल्याने नोंदणीतील एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. मालवाहू वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. वाहने व त्यांचे घटक यांच्या चाचणीचे व प्रमाणनाचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली असून ती पुण्यातच कोथरूडलगतच्या वेताळ टेकडीवर आहे.

सुधारणेचा क्रम

कमी खर्च व कमी धोका या निकषांवर पुढील क्रम योग्य मानला जातो:

१. टायरमधील दाब भारानुसार ठेवणे.
२. पाटे, शॅकल व बुश यांची स्वच्छता व आवश्यक बदल.
३. निकामी शॉकच्या जागी योग्य लांबीचे शॉक, नेहमी जोडीने बदलणे.
४. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेले पॅराबोलिक किंवा दोन टप्प्यांचे पाटे बसवणे.
५. बदलानंतर गाडीची उंची, ब्रेक झडप, चाकांची अलाइनमेंट व हेडलाइट तपासणे.
६. रिकाम्या व पूर्ण भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत, प्रथम सपाट रस्त्यावर व नंतर चढउतारावर, कमी वेगाने चाचणी घेणे.

यांतील पहिल्या तीन पायऱ्यांत वाहनाच्या मूळ रचनेला हात लागत नाही. जुन्या पिकअपमधील बहुतेक अनावश्यक धक्के याच पायऱ्यांनी कमी होतात.

हेही पाहा

मुळशी तालुका
ताम्हिणी घाट
शॉक ॲब्सॉर्बर
टाटा एस
फोर्स मोटर्स